विसाव्या पानाचा पोंगा

हे बघा, केळीचा खुंट आडवा कापलाय. सकाळचे नऊ वाजलेत. कापलेला भाग एकदम सपाट आहे, कांद्याची चकती असते ना तशी एकात एक वेटोळी, आणि सगळीकडून पाणी पाझरतंय. आता कॅमेरा इथेच ठेवतो.

संध्याकाळचे सहा. मधलं वेटोळं बोटाच्या पेराएवढं वर आलंय, बाकी सगळं जिथल्या तिथे. ही करामत नाही, काही टोचलेलं नाही, केळ अशीच वाढते. आपण ज्याला खोड म्हणतो ते खोड नाहीच मुळी, पानांची सोपटं एकमेकांभोवती घट्ट गुंडाळलेली असतात इतकंच, आणि वाढीचा खरा कोंब असतो खाली गड्ड्यात, मातीच्या पातळीला. त्यामुळे वरचं सगळं कापलं तरी खालून पान ढकललं जातच राहतं, फक्त ते बाहेर आलं की त्याचा शेंडा कात्रीने कापल्यासारखा सरळ दिसतो, कारण तो खरंच कापलेला असतो.

हे एवढं कळायला मला दोन हिवाळे लागले. आणि थंड हवेत केळ लावायची तर सगळा खेळ ह्यावरच आहे.

केळीला वर्ष कळत नाही, पानं कळतात. साधारण तीस ते चाळीस पानं टाकून झाली की मग कुठे केळफूल येतं. उबदार हवेत, म्हणजे पंचवीस-तीस डिग्रीला, आठ-दहा दिवसांत एक पान, त्यामुळे वर्षभरात काम होऊन जातं. पण पारा पंधराच्या आसपास उतरला की केळ जवळजवळ थांबते, पोंगा, म्हणजे नवीन पानाची गुंडाळी, निघतो आणि महिनाभर तसाच गुंडाळलेला उभा राहतो, छत्री उघडायची विसरल्यासारखा. आता थंड भागात खऱ्या उन्हाळ्याचे महिने किती, चार, फार तर पाच, त्यात पंधरा-वीस पानं होतात, मग हिवाळा. म्हणजे गणित सरळ आहे, दोन-तीन उन्हाळे लागणार आणि मधले हिवाळे त्या कोंबाने जिवंत काढायला पाहिजेत. कोंब वाचला तर पुढच्या उन्हाळ्यात मोजणी जिथे थांबली तिथून पुढे. कोंब गेला तर गड्ड्यातून नवीन मुनवे, म्हणजे बाजूची पिल्लं, फुटतात, केळ जगली म्हणून आपण खूश, पण मोजणी पुन्हा एकपासून. "आमची केळ दरवर्षी मस्त वाढते पण फळ कधीच येत नाही" असं म्हणणारे खूप भेटतात, त्यांच्याकडे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

बरं, कुठली केळ. जमिनीत लावून बाहेरच ठेवायची असेल तर मुसा बासजू. मूळची दक्षिण चीनची, जपानमध्ये फार जुन्या काळापासून बागेत लावतात, आणि कवी बाशो यांनी स्वतःचं नाव घेतलं ते ह्याच झाडावरून. वर चांगलं आच्छादन असेल तर हिचा गड्डा शून्याखाली दहा-बारा डिग्रीसुद्धा सोसतो. पण हिची फळं खायच्या लायकीची नसतात, लहानशी आणि बियांनी भरलेली, हिला लावायचं ते पानांसाठी. खायची केळी हवी असतील तर कुंडी आणि ड्वार्फ कॅव्हेंडिश, जी दीड-दोन मीटरच्या आसपास राहते आणि दारातून आत ओढता येते. लहान रोपाच्या पानांवर मरून रंगाचे डाग असतात, घाबरू नका, रोग नाही, मोठी झाली की जातात. आणि ते बियांचं पाकीट घेऊ नका ज्याच्यावर पिवळ्या केळ्यांचा फोटो असतो. खायच्या केळ्याला रुजणारी बी नसतेच, मग पाकिटात जे काही आहे ते दुसरंच काहीतरी आहे.

आणि गंमत सांगू का, ही कॅव्हेंडिश प्रसिद्ध झाली तीच मुळी थंड देशातल्या काचेच्या घरातून. इंग्लंडमधलं चॅट्सवर्थ हाऊस, तिथले मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन. मॉरिशसहून आलेलं रोप त्यांनी तापवलेल्या काचघरात वाढवलं, १८३५ च्या नोव्हेंबरमध्ये ते फुललं, आणि मालक होते विल्यम कॅव्हेंडिश, डेव्हनशरचे सहावे ड्यूक, म्हणून जातीला त्यांचं आडनाव. आज जगात एका देशातून दुसऱ्या देशात जी केळी जातात ती बहुतेक ह्याच कुटुंबातली. म्हणजे थंडीत केळ लावणारा येडा आपण पहिला नाही.

आता हिवाळा. माझी पहिली केळ थंडीने मेली नाही, मी मारली. पानं मलूल दिसली की पाणी, अजून मलूल, अजून पाणी. तिची मुळं गार चिखलात बसलेली, ती पाणी उचलतच नव्हती, आणि जानेवारीत खुंटाला हात लावला तर तो अख्खा माझ्या हातात आला, खालून काळा, चिकट, आणि वास, वास तर विचारूच नका. नुसती थंडी केळ एक वेळ सोसते, थंडी आणि ओल एकत्र आली की संपलं.

तेव्हापासून नियम असा, रात्री दहा-बारा डिग्रीच्या खाली जायला लागल्या की कुंडी आत, सगळ्यात जास्त उजेडाच्या खिडकीत, खत बंद, आणि बोटाची दोन पेरं माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. हीटरच्या कोरड्या हवेत पानाखाली लाल कोळी येतो, तो डोळ्याला सहज दिसत नाही, पण पान उजेडात धरलं की सुईने टोचल्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसतात आणि देठाजवळ जाळी. ओल्या फडक्याने पानं खालून पुसायची, दर आठवड्याला. कंटाळवाणं काम आहे, पण औषधापेक्षा बरं.

बाहेरच्या बासजूचं वेगळं. पहिल्यांदा दव गोठून पानं काळी पडली की ती छाटायची, खुंट उभा ठेवायचा, भोवती तारेच्या जाळीचा पिंजरा आणि त्यात वाळलेला पाला किंवा पेंढा दाबून भरायचा. वर झाकण पाहिजेच, पावसाचं पाणी आत गेलं तर वसंतात पाला उपसल्यावर काय सापडतं ते मी वर सांगितलंय.

आता माझी तिसरी केळ. प्रत्येक देठावर मार्करने नंबर टाकत होतो, चौतीसपर्यंत आलो होतो. त्या शरदात ती छताला लागायला लागली, आत आणायला जमेना, म्हटलं कोंब तर खाली गड्ड्यात असतो ना, मला तर आता सगळं कळलंय, आणि करवत घेऊन कमरेएवढ्या उंचीवर खुंट कापला. मध्ये गुंडाळलेलं पान दिसायला हवं होतं. तिथे होता एक पांढरा, भरीव, गुळगुळीत दांडा, रुपयाच्या नाण्याएवढा जाड. केळफूल निघालं होतं वर. एकदा का फुलाची वेळ झाली की तो कोंब गड्डा सोडून खुंटाच्या आतून चढायला लागतो, हे मला माहीत नव्हतं, आणि बाहेरून ते दिसत नाही. एका खुंटाला एकदाच फूल, दुसरी संधी नाही.

दांड्याच्या कापावर पाण्याचा एक मोठा थेंब जमला, मी बघत बसलो, तो घरंगळला, दुसरा जमला.

त्याच गड्ड्याच्या बाजूने तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पानं असलेला एक मुनवा आला होता, तो ठेवला, बाकीचे काढले. मार्कर तोच आहे. हा त्याचा एकोणीसावा देठ, आणि हे इथे, मधोमध, हिरवं टोक दिसतंय बघा, हे आज सकाळी नव्हतं.