मुंबई ते लंडन: ७,२०० किलोमीटर, पण तास किती?

मुंबई ते लंडन अंतर सर्च केलं की ७,२०० किलोमीटरच्या आसपासचा आकडा येतो. जेट विमान ताशी साधारण ९०० किलोमीटरने जातं, म्हणजे आठ तासांत पोचायला पाहिजे ना? पण तिकिटावर बघा, जाताना दहाएक तास लिहिलेले असतात.

थोडा वेळ तर जमिनीवरच जातो, कारण तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. पण खरी गोष्ट रस्त्याची आहे. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि लंडनमध्ये दोरा ताणून धरा, तो कच्छवरून वायव्येला निघतो आणि पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी असा जातो, सपाट नकाशावर हाच रस्ता वाकडा दिसतो पण सगळ्यात जवळचा तोच. ७,२०० चा आकडा या दोऱ्याचा.

आणि या दोऱ्यावरून आज आपलं विमान जाऊच शकत नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, त्यामुळे मुंबईहून निघालेलं विमान अरबी समुद्र ओलांडून आखाताच्या बाजूने वळसा घेतं, आणि तिथे काही पेटलं की तोही रस्ता बदलावा लागतो. जास्तीचं इंधन, जास्तीचे तास, हे सगळं खाली जमिनीवरच्या भांडणांमुळे, याचं मला फार वाईट वाटतं.

मग वारा. विमान उडतं त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो, हिवाळ्यात तर कधी कधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर. लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीमागून ढकलतो, म्हणून येतानाचा प्रवास साधारण तासाभराने कमी.

तरी हे दहा तास म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे! ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं ना, ते पंख्यांचं कॉन्स्टेलेशन विमान होतं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं, त्याला दहा तासांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

आता घड्याळाचं, कारण आईवडील पहिल्यांदा एकटे जाणार असले की घरात हमखास गोंधळ होतो. तिकिटावर दोन्हीकडची वेळ स्थानिक असते. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे जुलैमध्ये दुपारी २ ला मुंबईहून निघाले आणि दहा तास लागले तर तिथे संध्याकाळचे ७:३० वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे १२. परतताना रात्री ९:३० ला बसले, नऊ तास उडले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११. आणायला जाणाऱ्याने ही ११ ची वेळ धरायची, त्यात पुन्हा साडेचार मिळवायचे नाहीत.