कायद्यानं मोठं केलेलं काडतूस

(दृश्य: हिरव्या कापडावर उभी केलेली तीन काडतुसं. आतली दारू काढून टाकलेली आहे.)

डावीकडचं .३०३. हे आकडे साधारण नळीच्या व्यासाचे, इंचात. ब्रिटिश फौजेचं, दोन महायुद्धं लढलेलं. उजवीकडचं जाडजूड ते .४७०, हत्ती आणि गव्यासाठीचं. आणि मधलं, जरा बुटकं, ते .३१५. भारतात परवान्याची रायफल म्हटली की बहुतेक वेळा हेच काडतूस समोर येतं. लोक त्याला नुसतं ‘तीनशे पंधरा’ म्हणतात.

या तिघांत ते सर्वांत ताकदवान नाही. मग इतक्या परवान्यांवर तेच का? शिकारी मंडळी असल्या प्रश्नाचं उत्तर गोळीच्या वजनात आणि वेगात शोधतात. आम्हाला ते सरकारी हुकमात सापडलं, आणि दोन कारखान्यांत.

(दृश्य: बंदूक-कंपन्यांच्या जुन्या कॅटलॉगची पानं)

१८९८ साली लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीनं .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस बाजारात आणलं. काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट ही बिनधुराची दारू, ४८० ग्रेनची (सुमारे ३१ ग्रॅम) गोळी, सेकंदाला सुमारे २१५० फूट वेग. मोठ्या शिकारीची हौस असलेले साहेब आणि संस्थानिक याच मापाची दुनळी रायफल मागवू लागले.

पण फौजेतून बाद झालेली मार्टिनी-हेन्री रायफलही .४५० मापाचीच होती, आणि अशा रायफली सरकारला नको त्या हातांत पोचल्या होत्या. शिकारीसाठी आलेली गोळी उद्या आपल्याच शिपायावर सुटेल, ही धास्ती. १८७८च्या शस्त्र कायद्यानं सामान्य माणसाच्या हातातली बंदूक आधीच काढून घेतली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात आणि सुदानात .४५०ची आयातही बंद झाली.

आता पुढची पानं बघा. आकडे बदललेत. .४६५, .४७०, .४७५, .४७६. बंदीच्या रेषेच्या जरा पलीकडे सरकून प्रत्येक कंपनीनं आपापलं काडतूस काढलं. जनावरावर होणारा परिणाम जवळपास सारखाच. तरीही या भावंडांत पुढे गेलं ते .४७०. हॉलंड अँड हॉलंडनं .४६५ स्वतःकडे ठेवलं, वेस्टली रिचर्ड्सनं .४७६. जोसेफ लँगचं .४७० मात्र सगळ्या बंदूककारांना मोकळं होतं. ज्याला हवी त्यानं त्या मापाची नळी करावी. रायफली वाढल्या म्हणून काडतुसं वाढली, आणि दुकानात काडतूस हमखास मिळतं म्हणून पुढचं गिऱ्हाईकही तेच माप सांगू लागलं.

ही झाली राजेरजवाड्यांची चैन. आमचा जीव आहे तो मधल्या काडतुसावर.

(दृश्य: ईशापूरच्या रायफलीचा बोल्ट, जवळून. उघडतो, मिटतो.)

हा आवाज ऐका. हा ब्रिटिश फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा दांडा. मिटवताना शेवटच्या इंचाला हाताला जोर लागतो, कारण आतली स्प्रिंग तेव्हाच ताणली जाते. ज्या हातांना सवय आहे ते डोळे मिटून हे करतात. लाखो शिपायांच्या हातून गेलेली ही रचना, आणि ती करणारी यंत्रं, साचे, मापं, कुशल कारागीर सगळं तयार होतं. अडचण एकच. तिचं मूळ काडतूस .३०३, आणि फौजेचं म्हणून ते नागरिकांना बंद.

वाट सापडली ऑस्ट्रिया-हंगेरीत. तिथल्या मानलिखर रायफलीचं ८ मिलिमीटरचं काडतूस. ८ मिलिमीटर म्हणजे .३१५ इंच.

(दृश्य: .३०३ आणि .३१५ शेजारी शेजारी, बुडाकडून)

दोघांची बुडं बघा. कडेचा घेर इतका जवळचा की ली-एनफिल्डच्या रचनेत .३१५ बसवायला रायफल नव्यानं आखावी लागली नाही. पण पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, लांबीला .३०३पेक्षा सुमारे सहा मिलिमीटरनं कमी. त्यामुळे छावणीतून चोरलेलं .३०३ या रायफलीत जाणार नाही. सरकार निर्धास्त, आणि रायफल बनवणाऱ्यांचं कामही भागलं. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं या मापाच्या रायफली इकडे विकल्या. स्वातंत्र्यानंतर ते काम हुगळीकाठच्या ईशापूर कारखान्यानं चालू ठेवलं. पाच काडतुसांचं मॅगझिन, २४४ ग्रेनची जड गोळी.

(दृश्य: खडकी. सकाळची पाळी, सायकली आणि स्कूटर.)

आणि काडतूस? ते इथलं. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. आत कॅमेरा नेता येत नाही, म्हणून हे कापलेले नमुने.

(दृश्य: पुंगळी घडण्याचे टप्पे, पितळी चकतीपासून)

पहिली नुसती चकती. दाबली की वाटी. मग ती पुन्हा पुन्हा साच्यातून ओढायची, दर ओढीला भिंत पातळ आणि लांब होते. ओढून पितळ कडक होतं, म्हणून मध्ये मध्ये तापवून नरम करायचं. हे चुकलं तर पुंगळीला तडा जातो. शेवटी मान आवळायची, बुडाला कड कापायची आणि ठसा मारायचा: ‘केएफ’, किरकी (म्हणजे खडकी) फॅक्टरी. गोळी सुटते तेव्हा हीच पुंगळी फुगून नळीला चिकटते आणि मागे येणारा वायू अडवते. रायफल धरणाऱ्याचा चेहरा सुरक्षित राहतो तो या पितळेच्या भिंतीमुळे. शिकारीच्या कथांत वाघ असतो, साहेब असतो, रायफलीचं नाव असतं. पितळ तापवणारा माणूस कुठेच नसतो.

(दृश्य: भिंतीवरचे जुने शिकारीचे फोटो)

या काडतुसानं किती जंगल रिकामं केलं, हे या फोटोंत दिसतंच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचं दार जवळपास बंद केलं. गावठी कट्ट्यांतही हेच काडतूस चालतं, तेही खरं.

(दृश्य: परवानाधारक दुकान, काचेमागची खोकी)

ईशापूरनं .३०-०६ मापाची रायफलही काढली. ताकदीत ती .३१५ला सहज मागे टाकते, आणि तीसुद्धा ‘एनपीबी’, म्हणजे बंदी नसलेल्या बोअरमध्ये. तरी या काउंटरवर येणारा माणूस पल्ला विचारत नाही. वर्षाला किती काडतुसं घ्यायची हा आकडा त्याच्या परवान्यावर लिहिलेला असतो, आणि तेवढी इथे मिळतील का, हेच त्याला हवं असतं. दुकानदार मागे वळतो आणि .३१५चं खोकं काढतो.