विंगेतला इंजिनिअर

(नाटक करणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तांत्रिक शाखेत शिकणाऱ्या आणि नाटकाचं वेड असलेल्या मुलामुलींना साधारण दोनच सल्ले मिळतात. घरचे म्हणतात, आधी डिग्री पदरात पाडून घे, मग हवी तेवढी नाटकं कर. ग्रुपमधले सीनियर म्हणतात, डिग्री काय, होऊन जाते. तू तालमीला ये. दोघंही धरून चालतात की अभ्यास आणि नाटक यांचा एकमेकांशी संबंध एवढाच, की दोन्ही तुमच्या वेळेवर हक्क सांगतात. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून प्रकाशयोजना करत आले आहे. वर्गात शिकलेल्या कितीतरी गोष्टी मला खऱ्या अर्थानं कळल्या त्या विंगेत, म्हणून आज या संबंधाबद्दलच बोलते.

अगदी साध्या हिशोबापासून सुरुवात करू. हजार वॉटचा दिवा २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर करंट घेतो. म्हणजे १६ अँपिअरच्या सर्किटवर असे तीन दिवे. चौथा लावला की सर्किटवर क्षमतेपेक्षा जास्त भार. हे गणित शाळेतलं मूलही करेल. पण प्रयोग दोन दिवसांवर आलेला असतो, दिग्दर्शक म्हणतो, "इथे मला अजून एक स्पॉट हवाच," आणि सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे वळतात. तेव्हा तो हिशोब उभ्या उभ्या करून "या लाइनवर नाही, पलीकडच्या लाइनवर घेऊ, नाहीतर मागचा एक काढू" असं ठामपणे सांगता येणं ही वेगळी गोष्ट आहे. ती परीक्षेच्या हॉलमध्ये शिकता येत नाही, कारण तिथे तुमच्या उत्तरावर दुसरं कोणी उभं नसतं.

एक प्रसंग सांगते. एका टेक्निकल तालमीत स्पीकरमधून सारखी गुणगुण येत होती. माइक बदलून पाहिले, मिक्सर बदलला, काही फरक पडेना. ग्रुपमध्ये तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता, तोवर सेट उचलण्यापलीकडे त्याला कोणी फारसं काही सांगितलेलं नव्हतं. तो लाइट ऑपरेटरला म्हणाला, "सगळे दिवे हळूहळू वर ने, मग हळूहळू खाली आण." दिवे बंद असताना शांत. पूर्ण लावले तरी जवळजवळ शांत. अर्ध्यावर आणले की गुणगुण सगळ्यात जोरात. त्याच्या डोक्यात लगेच फायरिंग अँगलचा, म्हणजे विजेच्या लहरीच्या कोणत्या टप्प्यावर दिवा चालू होतो त्याचा, आलेख आला. थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणारा डिमर, म्हणजे दिव्याचा प्रकाश कमीजास्त करणारं उपकरण, विजेच्या प्रत्येक अर्ध्या सायकलचा सुरुवातीचा भाग कापून टाकतो. दिवा अर्ध्यावर असतो तेव्हा तो व्होल्टेज ऐन शिखरापाशी असताना चालू होतो, करंट एकदम उसळतो, आणि त्या उसळीतून निघणारा गोंगाट शेजारून जाणाऱ्या माइकच्या केबलमध्ये शिरतो. त्यानं ऑडिओच्या सगळ्या केबल दुसऱ्या विंगेतून फिरवल्या, जिथे डिमरच्या केबल ओलांडाव्याच लागत होत्या तिथे काटकोनात ओलांडल्या, आणि साउंडला वेगळी फेज, म्हणजे विजेची वेगळी लाइन, दिली. आवाज गेला. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात तो आलेख आपण सगळेच काढतो. त्यानं तो कानानं ओळखला.

याच डिमरनं मला आणखी एक गोष्ट शिकवली. थ्री फेजवर लोड समतोल असेल तर न्यूट्रलमधला, म्हणजे परतीच्या सामाईक तारेतला, करंट शून्य, असं आपण डोळे मिटून लिहितो. पण फेज कापणारे डिमर लावले की तिसरं हार्मोनिक, म्हणजे मूळ विजेच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा करंट, जन्माला येतं, आणि तिन्ही फेजमधली तिसरी हार्मोनिक्स एकमेकांना खोडत नाहीत, न्यूट्रलमध्ये त्यांची बेरीज होते. तिन्ही फेजवर मोजून सारखे दिवे लावलेले असतात आणि तरी न्यूट्रल तापते. नाट्यगृहात न्यूट्रल जाड का घालतात, याचं उत्तर इथे आहे. तुम्ही वायरिंगला हात लावायचा नाही, तो परवानाधारक माणसाचा अधिकार. पण काय चाललंय हे तुम्हाला कळलं पाहिजे, आणि काही शंका आली तर प्रयोग थांबवायला सांगण्याची हिंमत पाहिजे.

सिव्हिल आणि मेकॅनिकलवाले मघापासून गप्प बसलेत. तुमच्यासाठी लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे उंच चौथरे, आहेत. चार माणसं उभी राहिली तर निमूट उभी राहणारी लेव्हल, तीच चार माणसं एका ठेक्यात नाचायला लागली की डोलते. वजन तेवढंच, पण भार आता डायनॅमिक झाला. तिरकी ब्रेसिंग नसेल तर ती आडवी सरकते. आणि कोणत्या क्षणी कोणता लाइट, कोणता साउंड याची क्रमवार यादी, म्हणजे क्यू शीट, प्रोग्रॅमसारखीच असते, हे कॉम्प्युटरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता एक गोष्ट इतिहासातली, माझी फार आवडती. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यान-सभागृह बांधलं गेलं, आणि त्यात बोललेलं काही केल्या कळेना. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या वॉलेस सेबिन या तरुणाला ते सुधारायला सांगितलं. रिकाम्या सभागृहात आवाज साधारण साडेपाच सेकंद घुमत राहायचा, म्हणजे एक वाक्य संपेपर्यंत त्याचा पहिला शब्द हवेत असायचा. सेबिननं काय केलं? जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या. रात्री, आजूबाजूला शांतता असताना, थोड्या थोड्या गाद्या वाढवत तो ऑर्गनचा एक पाइप वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही वापरलं जातं: घुमण्याचा काळ म्हणजे सभागृहाचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण, सगळं मीटरमध्ये. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल याच ज्ञानावर उभा राहिला. ध्वनिशास्त्राची एक अख्खी शाखा नाटकगृहाच्या गाद्यांवर सुरू झाली, आणि आपण अजून विचारतो की नाटकाचा अभ्यासाशी काय संबंध!

अभ्यास की नाटक असा वाद निघाला की कुणीतरी डॉ. श्रीराम लागूंचं नाव घेतं. "बघा, त्यांनी डॉक्टरकी सोडली." हे उदाहरण अर्धवट सांगितलं जातं याचं मला वाईट वाटतं. लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. नाटक ते वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून करत होते. पूर्णवेळ नट झाले ते १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर. त्याआधी कितीतरी वर्षं दोन्ही सोबत चाललं होतं, त्या वर्षांबद्दल कुणी बोलत नाही. रोवन ॲटकिन्सन, म्हणजे आपला 'मिस्टर बीन', हे दुसरं नाव. त्यानं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं आणि पुढच्या पदवीसाठी ऑक्सफर्डला गेला तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांच्या नाट्यसंस्थेत काम करू लागला. तुम्ही पुढे काय सोडाल, काय धराल, हे आज ठरवायची गरज नाही. आज दोन्ही नीट करायचं आहे.

नीट म्हणजे कसं, तर वेळेचं बोलू, कारण तिथेच सगळं फिसकटतं. नाटकाचं काम सेमिस्टरभर सारखं नसतं, शेवटच्या दोन आठवड्यांत ते अंगावर येतं. सबमिशनही तसंच. दोन्हीच्या तारखा पहिल्याच आठवड्यात कागदावर लिहा आणि शेवटाकडून मागे मोजत या. जर्नल तालमी वाढायच्या आधी पुरं झालेलं असलं पाहिजे, यात सूट नाही. हजेरीबद्दल शिक्षकांशी आधी जाऊन बोला. ऐनवेळी पत्र घेऊन गेलात तर ते वैतागणारच. ज्या सेमिस्टरला कठीण विषय आहेत तेव्हा मुख्य भूमिका घेऊ नका, साउंड ऑपरेट करा. यात कमीपणा अजिबात नाही. वर्षाला चार नाटकांत लुडबुड करण्यापेक्षा एक नाटक पहिल्या वाचनापासून सेट गाडीत भरेपर्यंत करा. आणि केटी लागली असेल, म्हणजे एखादा विषय राहिला असेल, तर ती सुटेपर्यंत ग्रुपनंच त्या मुलाला हलकं काम द्यावं. तो नट कितीही चांगला असो. हे मी दिग्दर्शकांना सांगते आहे, जे आत्ता माझी नजर टाळतायत.

शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक काम सुचवते. प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर ज्या सभागृहात तुम्ही नाटक करता तेच घ्या. मोठा फुगा फोडा, आवाज रेकॉर्ड करा, तो विरायला किती वेळ लागतो ते वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला मोजा. आधी रिकाम्या हॉलमध्ये, मग पडदे लावून. त्यानंतर प्रयोगाच्या दिवशी, प्रेक्षक बसल्यावर, त्यांना आधी कल्पना देऊन, पुन्हा. माणसं आवाज शोषतात, त्यामुळे आकडा खाली येईल. किती खाली, ते सूत्रावरून आधी काढून ठेवा आणि ताडून पाहा. जुळलं नाही तर जास्तच चांगलं, रिपोर्टमध्ये लिहायला काहीतरी असेल. आणि ते आकडे तुमच्या नटांना दाखवा. रिकाम्या हॉलमध्ये तालीम करताना लावलेला आवाज भरलेल्या हॉलमध्ये का पुरत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच कागदावर दिसेल.