अर्धवट इमारतीचं मॉडेल

मित्रहो, बिम, म्हणजे बांधायच्या इमारतीचं सगळ्या माहितीसकट संगणकावर केलेलं मॉडेल, म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना एक सादरीकरण आठवतं. पडद्यावर इमारत गरागरा फिरते, काचा चमकतात, क्लायंट खूश होतो, चहा येतो. त्या इमारतीबद्दल मला आज फारसं बोलायचं नाही, कारण तिथून कुणी पडत नाही. माणसं पडतात ती तिच्या आधीच्या इमारतीतून. कठडा झालेला नाही, लिफ्टचा डक्ट उघडा आहे, स्लॅबखाली टेकू आणि बाहेर परांची, अशी ती इमारत. ती मॉडेलमध्ये कुणी काढतच नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका साइटवर इंजिनियर होतो. चौथ्या स्लॅबवर प्लंबिंगच्या डक्टचं भोक होतं, अडीच बाय तीन फुटांचं. कुणीतरी त्यावर प्लायवूड टाकलं होतं. खिळे मारले नव्हते, वर काही लिहिलंही नव्हतं. दोन दिवसांनी सेंटरिंगच्या एका पोराला प्लायचा तुकडा हवा होता. त्यानं तो उचलला, छातीशी धरला आणि पाऊल पुढं टाकलं. प्लाय आडवं आल्यामुळे भोक त्याला दिसलंच नाही. खालच्या मजल्यावर डक्टमधली सळई कापायची राहून गेली होती, त्या जाळीवर तो अडकला. मांडीचं हाड मोडलं, जीव वाचला. आमच्या एका ढिलाईतून तो पडला आणि दुसरीनं वाचला.

भोक ड्रॉईंगमध्ये होतं हो. मी ते शंभरदा पाहिलं होतं. पण ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत उघडं राहणार, हे ड्रॉईंगमध्ये कुठं असतं? मॉडेलमधला प्रत्येक भाग वेळापत्रकातल्या कामाशी जोडला, ज्याला आपण फोर-डी म्हणतो, की हे विचारता येतं. येत्या सोमवारी स्लॅब झालेला आहे पण पाइप आणि भिंत आलेली नाही, अशा जागा दाखव. यादी येते. आणि मग डक्टमधली सळई कापायची नाही, पाइप टाकायच्या दिवशीच कापायची, हा निर्णय नशिबावर न सोडता आधीच घेता येतो.

टेकूंचं बघा. आयएस 456 या आपल्या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला, नेहमीच्या हवामानात, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू 7 दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्याचे 14. सहा मीटरहून लांब बीमचे, म्हणजे तुळयांचे, 21. हे पाठ सगळ्यांना असतं. आता वेळापत्रकात दर दहा दिवसांनी स्लॅब टाकायचा ठरलाय. म्हणजे लांब बीमखालचे निदान तीन मजल्यांचे टेकू एकाच वेळी अडकलेले राहणार. ठेकेदारानं आणलेत दोन मजल्यांचे. मग बाराव्या दिवशी कोण कुठले टेकू काढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. लोक म्हणतात मुकादमानं घाई केली. मी म्हणतो, घाई खरेदीच्या कागदावरच झाली होती. टेकू मॉडेलमध्ये घातले असते तर हा हिशेब पाया खणण्याआधीच लागला असता.

क्लॅश डिटेक्शन, म्हणजे कुठला भाग कुठल्या भागाला आडवा येतोय हे मॉडेलमध्येच शोधणं, याबद्दल सगळे पैशांच्या भाषेत बोलतात. एसीचा डक्ट बीममधून जातोय, आधी कळलं, खर्च वाचला. बरोबरच आहे. पण कळलं नसतं तर काय झालं असतं? स्टुलावर स्टूल ठेवून कुणीतरी काँक्रीटला भोक पाडायचं कोअर कटिंगचं यंत्र छताला लावलं असतं, पाण्यात वायर लोळत असती. साइटवर ऐनवेळी निघालेलं प्रत्येक काम बहुधा उंचीवरचं असतं आणि त्याची तयारी कुणीच केलेली नसते.

आपल्याकडे नागपूर मेट्रोनं फाइव्ह-डी बिम वापरलं, म्हणजे मॉडेलला वेळ आणि खर्च दोन्ही जोडले. वर्धा रोडवरचा तिथला 3.14 किलोमीटरचा डबलडेकर पूल तुम्ही पाहिला असेल. खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, सगळं एकाच खांबांच्या रांगेवर. अशा जागी क्रेन कुठं उभी राहील, तिचा हात कशावरून फिरेल, त्या वेळी खाली कोण असेल, हे कागदावर बघणं जवळजवळ अशक्य आहे. ब्रिटननं 2016 पासून केंद्र सरकारच्या कामांना बिम सक्तीचं केलं आणि 2018 मध्ये आरोग्य-सुरक्षेची माहिती त्यातून कशी पुढं द्यायची याचं वेगळं मानक काढलं, पास 1192-6. आपल्याकडच्या निविदांत मात्र परांची मॉडेल करण्याचे पैसे कुणी धरत नाही. म्हणून ती कुणी करत नाही. आणि साइट पुढं गेली तरी मॉडेल तिथंच राहिलं, तर ते नसलेलं बरं. निदान खोटा भरवसा तरी मिळत नाही.

हल्ली आम्ही दर सोमवारी त्या आठवड्याच्या अर्धवट इमारतीचं चित्र मोठ्या कागदावर छापून शेडमध्ये लावतो. पहिल्याच सोमवारी आमच्या म्हाताऱ्या मुकादमानं चष्मा पुसून ते नीट पाहिलं आणि जिन्यावर बोट ठेवलं. "साहेब, या आठवड्यात जिन्यात सेंटरिंगचं सामान असतंय. माणसं वर जाणार कुठनं?" मॉडेलमध्ये जिना मोकळा होता. परांचीचा जिना आम्ही त्याच दुपारी मॉडेलमध्ये घातला. साइटवर तो उभा राहायला मात्र गुरुवार उजाडला, आणि तोवर मुकादमानं वरचं काम बंद ठेवलं.