उसातल्या अंधाराला दोन स्वस्त डोळे

(पडदा काळा. पाटातल्या पाण्याचा आवाज. लांब कुठंतरी कुत्रं भुंकतंय.)

रात्रीचे पावणेबारा. मार्च संपत आलाय. जुन्नर तालुक्यातलं, कुकडीच्या पाण्यावर हिरवं झालेलं एक गाव. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. म्हणजे मोटार आत्ता चालू होणार आणि उसाला पाणी द्यायला माणूसही आत्ताच शेतात जाणार. तात्या खांद्यावर फावडं टाकतात. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी. "चला," एवढंच म्हणतात.

पाटातलं पाणी एका सरीत भरलं की तिचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. हे काम वाकून करावं लागतं. आणि वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, हे इथलं शाळकरी पोरसुद्धा सांगतं.

(उसाच्या फडाकडेची वाट. चालणाऱ्यांच्या पाठी.)

बिबट्या इथं पाहुणा नाही. धरणं झाली, कालवे आले, ऊस आला आणि त्या उसात त्यानं संसार मांडला. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॅप कॅमेरे लावून मोजणी केली होती. 2013 मध्ये ती प्रसिद्ध झाली. दर 100 चौरस किलोमीटरला सरासरी 4.8 प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकीच तरसं. ही मोजणी अभयारण्यातली नव्हे, शेतांतली आणि वस्त्यांतली.

तात्यांच्या मागं चालताना आमच्या हातात एक अॅल्युमिनियमची पट्टी आहे. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं दोन भोकं पाडून दिली, चहावर. पट्टीच्या एका टोकाला डिजिटल नाईट व्हिजनची एकडोळी दुर्बीण, दुसऱ्या टोकाला मोबाईल, आणि मोबाईलच्या चार्जिंगच्या खाचेत खोवलेला, काडेपेटीपेक्षा लहान असा थर्मल कॅमेरा. सैन्याकडच्या चांगल्या नाईट व्हिजनचे लाखांनी पैसे पडतात. आमचा हा सगळा जुगाड एका बऱ्या मोबाईलच्या किमतीत बसला.

(पडदा दोन भागांत. डावीकडे करडं, दाणेदार चित्र. उजवीकडे काळ्यावर पांढरे डाग.)

या दोन चित्रांचा एकमेकांशी संबंध नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. डावीकडे दिसतो तो प्रकाश, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. दुर्बिणीवर एक छोटा दिवा आहे, 850 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, म्हणजे लालच्याही पलीकडचा. त्याच्याकडे थेट पाहिलं तर विझत्या उदबत्तीएवढा लाल ठिपका दिसतो, बाकी काही नाही. पण आतल्या सिलिकॉनच्या सेन्सरला तो प्रकाश चांगला दिसतो. म्हणजे ही बॅटरीच आहे, फक्त तिचा उजेड आपल्याला दिसत नाही इतकंच.

उजवीकडच्या चित्राला दिवा लागतच नाही. तिथं जो तो आपापला दिवा घेऊन आलाय. तात्या, त्यांचा बैल, नुकतंच पडलेलं शेण, सगळे 8 ते 14 मायक्रॉन लांबीच्या लहरींत उष्णता बाहेर टाकतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). विल्यम हर्शेलनं 1800 साली लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात तापमापी ठेवून पाहिला. लाल संपला, तिथून पुढं काहीच दिसत नव्हतं, आणि पारा तिथंच सगळ्यात वर चढला. न दिसणाऱ्या उजेडाची ओळख तिथं झाली. त्या उजेडाच्या लांबच्या लहरींचं चित्र सोप्या यंत्रात पकडायला मात्र पुढं बराच काळ गेला. थंड न करता चालणारा उष्णतेचा सेन्सर अमेरिकेत हनीवेलमध्ये, सैन्याच्या पैशावर तयार झाला आणि 1992 पर्यंत गोपनीय राहिला. आज त्याचाच वंशज मोबाईलच्या खाचेत बसतो.

(तात्या विहिरीजवळ. स्टार्टरचं बटण. मोटारीचा घरघराट.)

पहिली फजिती विहिरीपाशीच झाली. थर्मलमध्ये कठड्यावर कुणीतरी बसलेलं दिसलं. पांढरं, जाड, अजिबात न हलणारं. मी तात्यांचा हात धरला. त्यांनी बॅटरी मारली. दगड होता. दिवसभर 36 अंशांत भाजलेला काळा कातळ रात्री बारापर्यंत तापलेला राहतो, आणि थर्मलला तो कातळ आणि अंग चोरून बसलेलं जनावर यांत फरक कळत नाही. पहाटे हेच चित्र स्वच्छ येतं, कारण दगड तोवर निवलेले असतात. पण लाईट काही पहाटेची वाट बघत नाही.

(स्थिर चित्र: थर्मलचा एक तुकडा, मोठा केलेला. चौकोनी ठिपके.)

इथं जरा हिशेब करू, कारण जाहिरातीत तो कुणी सांगत नाही. आमच्या थर्मलमध्ये 256 गुणिले 192 ठिपके आहेत. एकेक ठिपका 12 मायक्रॉनचा आणि समोरच्या भिंगाचं नाभीय अंतर 3.2 मिलिमीटर. याचा अर्थ, 50 मीटरवर एक ठिपका जवळजवळ 19 सेंटिमीटर, म्हणजे एक वीतभर जागा व्यापतो. बिबट्याचं अंग शेपटी सोडून सव्वा मीटर धरलं, तर 50 मीटरवर अख्खा बिबट्या सहा-सात ठिपक्यांत उरकतो. 100 मीटरवर तीन. तीन ठिपक्यांवर ठिपके असतात की नाहीत, ते तुम्हीच ठरवा.

तरीही ते तीन ठिपके फार मोलाचे. अंधारात 100 मीटरवर काहीतरी जिवंत आहे, हे उघड्या डोळ्यांना कधी कळलं असतं?

(बांध. दूरवर एक पांढरा ठिपका सरकतो.)

हा बघा. पलीकडच्या बांधावर. चालतोय, थांबतोय, परत चालतोय. आता पट्टी तशीच धरायची आणि नजर दुसऱ्या डोळ्यावर न्यायची. दुर्बिणीत दोन डोळे चमकले. मांजराच्या, कुत्र्याच्या, बिबट्याच्या डोळ्यात पडद्यामागं आरशासारखा थर असतो, आपल्या दिव्याचा उजेड तो सरळ परत पाठवतो. डोळ्यांच्या खाली उभट तोंड, वर दोन पडके कान. वस्तीवरचं कुत्रं. मघाशी भुंकत होतं तेच असावं.

उष्णतेनं सांगितलं, कुणीतरी आहे. उजेडानं सांगितलं, कोण आहे. स्वस्तातल्या यंत्रांकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, आणि ती याच क्रमानं. नुसतं नाईट व्हिजन घेऊन शेतात फिरणं म्हणजे किल्लीच्या भोकातून जत्रा बघणं.

हा क्रम काही आमचा शोध नाही. अकोले तालुक्यात लावले होते तसले ट्रॅप कॅमेरे साधारण असंच काम करतात. पुढं एक उष्णतेचा सेन्सर. समोरून ऊबदार काही सरकलं की तो जागा होतो आणि मगच कॅमेरा उघडतो, बहुतेक वेळा न दिसणाऱ्या दिव्याच्या उजेडात. सगळ्यात स्वस्त जोडी हीच. कुणी तिला जोडी म्हणत नाही इतकंच.

(मोबाईलचा पडदा. करड्या चित्रावर केशरी डाग, थोडा बाजूला सरकलेला.)

मग दोन्ही चित्रं एकावर एक का चढवत नाही? केलं तेही. दोन रात्री गेल्या त्यात. दोन भिंगांत 6 सेंटिमीटरचं अंतर. 30 मीटरवर चित्रं जुळवली की 30 मीटरवर सुरेख बसतात. पण एक मीटरवरचा माणूस तीन अंशांनी सरकतो. त्यात थर्मलचं चित्र किंचित उशिरा येतं. तात्या चालायला लागले की त्यांचं धोतर पुढं आणि ऊब मागं, असं भूत दिसतं. मधेच थर्मल स्वतःला सावरायला आतली झडप टाकतो. टिक्, आणि क्षणभर चित्र थिजतं. अमेरिकी सैन्याच्या गॉगलमध्ये ही जुळणी नीट होते, ते पैसे त्याचेच असतात. स्वस्तातलं एकत्र चित्र छायाचित्र म्हणून झकास दिसतं, पण त्याच्या भरवशावर मी अंधारात पाऊल टाकणार नाही.

एका प्राण्याला मात्र ही जुळणी जन्मतःच येते. आंबोलीच्या पावसात, किंवा कोकणातल्या झुडपांत वेटोळं घालून बसलेला चापडा साप. त्याच्या डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक खळगा असतो, उंदराची ऊब टिपणारा. त्याच्याच गोतावळ्यातल्या अमेरिकी रॅटलस्नेकच्या मेंदूत 1981 मध्ये शास्त्रज्ञांना अशा पेशी सापडल्या, ज्यांच्यापर्यंत डोळ्याची आणि खळग्याची अशा दोन्ही खबरा पोचतात. ना पट्टी, ना वेल्डिंगवाला.

(ऊस. दुर्बिणीतलं चित्र. पांढरंफटक.)

आता फड. इथं दोन्ही यंत्रं हात टेकतात. हिरवं पान आपल्या दिव्याचा बराचसा उजेड परतवतं, त्यामुळं दुर्बिणीत ऊस म्हणजे चुन्यानं रंगवलेली भिंत. दिवा जितका वाढवाल तितकी भिंत पांढरी. थर्मल पानाच्या आरपार बघतं, हा एक लाडका गैरसमज आहे. बघत नाही. साधी काचसुद्धा त्याला भिंत असते. म्हणून तर त्याचं भिंग जर्मेनियमचं करतात. दोन पानांच्या फटीत जे येईल तेवढंच.

त्या फटीत सव्वाबाराच्या सुमाराला काहीतरी आलं. दोन सेकंद. बसकं, लांबट, डाव्या अंगाला एक बारीक ठिपका सुटा. शेपटी? दुर्बीण वळवली तर चुन्याची भिंत. परत थर्मल, तर पाचटाची थंडगार करडी रेघ. चित्रीकरण पन्नास वेळा मागंपुढं करून पाहिलंय. 41 चौकटी आहेत. डुक्कर म्हणा, तरस म्हणा, म्हणाल ते त्यात दिसतं.

तात्यांना मी काही सांगितलं नाही. पण ते एकदम मोठ्यानं बोलायला लागले. कारखान्याच्या बिलाबद्दल, धाकट्या सुनेच्या माहेरच्यांबद्दल, कशाबद्दलही. मोबाईलवर गाणी लावली. इथं रात्रीचं यंत्र हेच, आवाज. वाघाला (इकडं बिबट्यालाच वाघ म्हणतात) माणूस येतोय हे आधी कळू द्यायचं.

(तात्या सरी फोडतात. पाणी आत शिरतं.)

वनविभाग इथं थर्मल ड्रोन उडवतो. 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बहराइचला लांडगे शोधायलाही तसलेच वापरले होते. वरून बघितलं की उसाची भिंत आडवी येत नाही, हा ड्रोनचा फायदा, पण दाट पानांचं छप्पर तिथंही आड येतंच. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये सौर वाहिनीची योजना आली. तिच्या तारा या बांधापर्यंत पोचल्या असत्या, तर आमचं हे चित्रीकरणच झालं नसतं. मला चाललं असतं.

तात्यांना एकदा थर्मल हातात दिलं. त्यांनी आधी गोठा पाहिला, मग स्वतःचा तळहात, मग भिंतीवर हात टेकवून काढला आणि मागं राहिलेल्या पांढऱ्या पंजाकडे बघत राहिले. पंजा पुसट होत गेला. "डोळ्याला त्रास व्हतो," म्हणाले आणि परत दिलं. खरं आहे. पडद्याकडे बघितलं की अंधाराला सरावलेला डोळा आंधळा होतो, आणि परत सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. आम्ही पडद्याचा उजेड अगदी तळाला ठेवतो आणि एकच डोळा वापरतो. दुसरा मिटलेला. त्यामुळं आमची चाल दारुड्यासारखी दिसते, हे तात्यांनी दोनदा सांगितलं.

(परतीची वाट. पुन्हा दोन भागांत पडदा.)

पावणेदोन. परतताना मी पुढं. उजवीकडच्या चित्रात बांध रिकामा आहे. करडा, एकसारखा, साधा डागसुद्धा नाही. हे चित्र नीट बघा.

मागून काठी माझ्या छातीवर आडवी आली.

(तात्यांच्या बॅटरीच्या पिवळ्या गोलात: बांधावर आडवी पडलेली घोणस. अंगावर साखळीचे गोल.)

माझ्या बुटापासून तीन पावलांवर. सापाचं रक्त थंड. तो ज्या मातीवर पडलाय त्याच मातीच्या तापमानाचा. थर्मलच्या दृष्टीनं तो साप नाहीच, बांधाचाच तुकडा आहे. आणि दुर्बीण मी पन्नास मीटरवर रोखलेली होती, पायाशी नाही.

तात्यांनी काठी जमिनीवर दोनदा आपटली. फुसकारा आला. प्रेशर कुकरसारखा, लांबलचक. मग ती सरकली, सावकाश, पाचटात. शेपटीचं टोक दिसेनासं होईपर्यंत बॅटरीचा गोल तिथंच होता.

मग विहिरीकडची घरघर थांबली. तात्यांनी कान दिला.

"लाईट गेली," ते म्हणाले. "निम्मा ऊस ऱ्हायला. चला."