वेल माजला की घड हरवतो

[दृश्य: तापीकाठचा द्राक्षमांडव, मे महिना. खाली गडद सावली.]

खोल काळी जमीन. इथे कापूस वाढतो, केळी वाढते आणि द्राक्षाचा वेलही तसाच उफाळतो. अंगठ्याएवढी काडी, लांब पेरं, तळहातापेक्षा मोठी पानं. बाग बघून माणूस हरखतो. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी होते, नवी फूट निघते, आणि घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा लोंबते.

मग औषधात खोट निघते, हवामानाला दोष दिला जातो. खरं तर सगळं मे महिन्यातच ठरलेलं असतं.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे नव्या काड्या वाढवण्यासाठीच्या छाटणीनंतर, साधारण ४० ते ६० दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कळीत, पुढचा घड आकार घेतो. डोळ्यातला तो अंकुर आधी ना घड असतो, ना बाळी. वेलाच्या अंगातली दोन संजीवकं ते ठरवतात: सायटोकायनिन भरपूर मिळालं तर घड, जिबरेलिनचा जोर राहिला तर बाळी. जिबरेलिन तयार होतं कोवळ्या, पळणाऱ्या शेंड्यात. सायटोकायनिन येतं मुळीच्या टोकाकडून. म्हणून याच दिवसांत शेंडा थांबलेला हवा आणि खाली पांढरी मुळी चालू हवी. भर काळ्या रानात नेमकं उलट होतं.

[दृश्य: बोदाशेजारी, म्हणजे वेलांच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्याशेजारी, खड्डा घेतला जातो.]

खोडापासून दीड फुटावर, दीड फूट खोल. ड्रीपरखालची माती मुठीत दाबा. चिखलासारखी चिकटून राहिली तर वाफसा नाही, म्हणजे मुळीला हवा मिळत नाही. मुळी तपकिरी झाली, साल बोटाला निसटून आली, कुबट वास आला, तर ती गुदमरली आहे. मुळीवर बारीक गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमीचा, म्हणजे मुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा मामला, त्याचा इलाज वेगळा. वर कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की बरेच जण लगेच फेरस सल्फेट फवारतात. जमीन चुनखडीची असेल तर थोडा फरक पडतोही, पण मुळी पाण्यात बुडालेली असताना पिवळेपणा परत येतो.

केळीचा हात द्राक्षाला लागला की असं होतं. केळीला पाणी कमी पडून चालत नाही, द्राक्षाला नेमक्या वेळी ते कमीच पडावं लागतं.

हिशोब करून बघा. काडी वाढत असताना, छाटणीनंतर ४० दिवसांपर्यंत, दर मिलिमीटर बाष्पीभवनाला हेक्टरी ४,२०० लिटर पाणी धरतात. मे महिन्यात दिवसाला १० मिलिमीटर धरलं तर हेक्टरी ४२,००० लिटर, म्हणजे एकरी १७,०००. नऊ बाय पाच फुटांवर एकरात ९६८ वेल बसतात. वेलाला रोज साडेसतरा लिटर. आणि ४० ते ६० दिवसांत? मिलिमीटरला १,४०० लिटर. म्हणजे वेलाला सहा लिटरच्या आत. याच काळात नत्रही आवरायचं. ऊन ४४ अंशांवर असताना हात आखडता घ्यायला छाती लागते, म्हणून बोदावर केळीची वाळलेली पानं किंवा उसाचं पाचट अंथरा.

[दृश्य: सातव्या पानावर शेंडा खुडताना.]

थॉमसनसारख्या वाणात फूट सात पानांची झाली की शेंडा खुडतात. वरच्या डोळ्यातून निघालेली फूट पाच पानांवर थांबवली की सबकेन, म्हणजे काडीवरची उपकाडी तयार. बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतल्या फुटी, वेळीच काढायच्या, म्हणजे डोळ्यावर ऊन पडेल. वेलावर काड्या ३० ते ४०, त्याहून दाटी नको. काडी ८ ते १० मिलिमीटर जाड पुरे.

सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट या वाढरोधक औषधाने वाढ रोखता येते, पण त्याच्या भरवशावर पाणी सैल सोडणं महागात पडतं. २०१० साली याच क्लोरमेक्वाटच्या अवशेषांपायी भारतीय द्राक्षं युरोपात अडली होती.

नवी लागण करणाऱ्यांनी खुंटाचाही, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात त्याचाही विचार करावा. डॉगरीज हा खुंट क्षार आणि दुष्काळ सोसतो, पण जोर फार करतो. खोल काळ्या रानात तो आगीत तेल ओततो. तिथे ११० आर हा खुंट बरा. हलक्या, मुरमाड उतारावर डॉगरीजचा जोर उपयोगी पडतो.

जुन्या बागेत खरड छाटणीच्या पंधरा दिवस आधी बोदाशेजारी ३-४ इंच खोल चारी घेऊन शेणखत आणि सुपर फॉस्फेट भरतात. थोड्या मुळ्या तुटतात. तुटू द्या, तिथूनच नवी पांढरी मुळी फुटते.

[दृश्य: ऑक्टोबर. काडी हातात, सबकेनची गाठ जवळून.]

गोडी छाटणीआधी काड्यांचे डोळे तपासून घ्या. सबकेन नीट झाली असेल तर घडाचा डोळा गाठीजवळ सापडतो, गाठीपुढे एक-दोन डोळे राखून कात्री चालते. माजलेल्या काडीवर तो आणखी पुढे सरकलेला असतो, आणि अंदाजाने छाटलं तर कात्रीखालीच जातो.