मालिका कानाने बघा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय आपल्या मराठी मालिकांबद्दल. संध्याकाळी कुकर लावला की ज्या घरात टीव्ही सुरू होतो तो जेवणं आटपेपर्यंत बंद होत नाही, त्या घरातली मी, त्यामुळे माझं मत रोज बघून बघून झालंय. आणि मत एकच आहे, आधीच सांगून टाकते. जी मालिका डोळे मिटून नुसती ऐकली तरी कळते ती चांगली लिहिलेली मालिका. डोळे मिटून कळली पाहिजे, बास.

हे कळलं सासूबाईंमुळे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्याला ताण नको म्हणून आम्हीच ठरवलं की काही दिवस त्यांनी टीव्हीसमोर बसायचं नाही. पण मालिका सोडायच्या कशा! मग त्या आत कॉटवर, टीव्ही बाहेर, आवाज मोठा. पहिल्याच संध्याकाळी एका मालिकेत, नाव नाही घेत, सुनेने कपाटातून कसलेतरी कागद काढले आणि दारात सासू उभी. झालं, ढॅण ढॅण ढॅण! सासूचा चेहरा, नणंदेचा चेहरा, दिराचा चेहरा, परत सासूचा, परत ढॅण. आतून आवाज आला, "अगं काय झालं, कोण गेलं का?" म्हटलं, "नाही आई, बघतायत." "काय बघतायत?" "एकमेकांकडे." जरा वेळाने परत, "अजून बघतायत?" तोवर जाहिराती लागल्या. मी आत गेले तर चेहरा उतरलेला, म्हणाल्या, "एवढा वेळ कान लावून पडले आणि कुणी काही बोललंच नाही गं."

मग लागली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. आतून हसण्याचा आवाज आमच्या आधी! समीर चौघुले एकेक शब्द कसा ओढतात, नम्रता संभेरावने आवाज जरा बदलला की कोण आलंय ते सासूबाईंना बरोब्बर कळायचं, काही म्हणून काही विचारावं लागलं नाही. 'ठरलं तर मग'मध्ये वकील अर्जुन कोर्टात उभा राहिला की तर विचारूच नका, मधुभाऊंच्या केसमधला एकेक मुद्दा पाठ, आणि साक्षीदार बोलायला लागला की आतून निकाल, "खोटं बोलतोय मेला, आवाज ऐक ना कसा कापतोय!" आम्ही टीव्हीकडे तोंड करून बसलेलो आणि आम्हाला ते कळलंच नव्हतं. म्हणून सांगते, लिहिलेलं पक्कं असेल तर कानाला पुरतं.

अहो आवाजावरून आठवलं, लोकलमध्ये फोनवर मालिका बघणाऱ्यांनी कृपा करून हेडफोन लावा, तुमची सासू-सून अख्ख्या डब्याला ऐकायची नसते.

तर, ढॅण ढॅण का होतं? कारण रोज भाग द्यायचाय. अर्ध्या तासातल्या जाहिराती काढल्या की वीस-बावीस मिनिटं उरतात, ती आठवड्याचे सहा-सात दिवस भरायची आणि वर दर गुरुवारी टीआरपी. दूरदर्शनवर मालिका आठवड्याला एक भाग, बऱ्याचशा १३ भागांत संपायच्या, गोष्ट आधी पूर्ण असायची. मग १९९९ साली अल्फा मराठी, म्हणजे आताचं झी मराठी, आलं, रोजच्या मालिकांची सवय लागली, 'चार दिवस सासूचे' तर ३००० भागांच्या वर गेली. एवढं लिहिणार कोण आणि कधी? लेखकांना माझा दोष नाही, त्यांना वेळ द्या. आठवड्याला पाचच भाग दाखवा, आम्ही थांबू, खरंच थांबू.

आणि हो, मालिकेतल्या बायका कधी भांडी घासताना दिसत नाहीत, याचा मला फार राग आहे. काठपदर नेसून भाजी चिरतात, मग तो पसारा आवरतं कोण?

आता सासूबाईंचा डोळा छान झालाय, समोर बसून बघतात. पण ती कपाटवाली मालिका त्यांनी सोडली ती सोडलीच, त्या वेळात आता शेजारच्या काकूंकडे जाऊन बसतात. उरली एक विनंती, चॅनेलवाल्यांना. प्रोमोत सोमवारी जी थोबाडीत दाखवता ती सोमवारीच बसू दे. पुढच्या शुक्रवारपर्यंत हात हवेतच असतो हो.